दर तीन महिन्यांनी ‘असुरक्षित’ होणारे संकेतस्थळ : मंच आणि हलकी पाने एकाच सर्व्हरवर ठेवताना

मुख्य पत्त्यावर केवळ वाचनासाठीचे हलके संकेतस्थळ आणि त्याच नावाच्या सबडोमेनवर (म्हणजे त्या नावाआधी एक शब्द जोडून बनलेल्या पत्त्यावर) डिस्कोर्स या सॉफ्टवेअरवर चालणारा सभासदांचा चर्चामंच अशी मांडणी एकाच भाड्याच्या सर्व्हरवर केली, की एक तक्रार ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा येते. जवळपास तीन महिने सारे सुरळीत चालते आणि मग एके सकाळी पान उघडणाऱ्याला ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’ असा इशारा दिसू लागतो. सांभाळणारा माणूस घाईघाईने दोन-चार गोष्टी बंद करून पुन्हा सुरू करतो, इशारा जातो, आणि पुढचे जवळपास तीन महिने कोणालाही त्याची आठवण राहत नाही. आमच्या गिरिभ्रमण मंडळाच्या संकेतस्थळावर हे लागोपाठ तीन वेळा घडले. ते का घडते आणि कायमचे कसे थांबवायचे, हे येथे सविस्तर लिहीत आहे.

आधी मांडणी सांगतो, कारण दोष तिच्यातच होता. मंडळाचे सभासद मार्गांची चर्चा, गाड्यांची वाटणी आणि छायाचित्रांची देवाणघेवाण डिस्कोर्सवर करतात. डिस्कोर्स हे २०१३ साली लोकांसमोर आलेले मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि ते उत्तम काम करते. मात्र त्याचे पान म्हणजे ब्राउझरमध्ये उतरणारा एक संपूर्ण प्रोग्राम असतो. पुण्यात घरच्या वायफायवर ते क्षणात उघडते. राजगडाच्या पायथ्याशी गुंजवण्यात पहाटे साडेपाचला, सिग्नलची एखादीच काडी असताना, ते उघडेलच याची खात्री नसते. त्या वेळी सभासदाला मंच नकोच असतो. पद्मावती तळ्याच्या पाण्याची ताजी नोंद, चोरदरवाज्याची वाट पावसात कशी आहे आणि गावातल्या जेवणाची सोय, एवढेच त्याला हवे असते. म्हणून आम्ही ह्यूगो हा पाने तयार करणारा प्रोग्राम वापरून साधी, आधीच तयार करून ठेवलेली पाने मुख्य पत्त्यावर ठेवली. एक पान चाळीस किलोबाइटच्या आत राहील असा दंडक घातला आणि देवनागरीसाठी वेगळा वेबफॉन्ट न जोडता फोनमध्ये आधीच असलेल्या फॉन्टवर विसंबून राहिलो. देवनागरीतील जोडाक्षरांमुळे तिचे फॉन्ट रोमन लिपीच्या फॉन्टपेक्षा सहज जड होतात आणि हलक्या पानाचा हलकेपणा सर्वांत आधी तेथेच हरवतो.

अशा पानावर जेव्हा लाल इशारा येतो, तेव्हा त्याचा उद्देशच संपतो. तिसऱ्या वेळी आमच्या एका सभासदाने गुंजवण्यातून फोन केला आणि विचारले, “दादा, पान उघडतच नाहीये, फोन हॅक झालाय का?” त्यांच्यासोबत पहिल्यांदाच गड चढणारी सात माणसे होती. त्या दिवशी मी तात्पुरता इलाज करणे सोडून दिले आणि मूळ शोधायला बसलो.

शोधाची सुरुवात कालावधीपासून करावी. बिघाड अनियमित असेल, तर स्मृती अपुरी पडणे, डिस्क भरणे, जाळ्यातील अडचण अशी पन्नास कारणे संभवतात. तो जवळपास नेमक्या ९० दिवसांनी येत असेल, तर संशय एकाच ठिकाणी जातो, कारण लेट्स एन्क्रिप्ट या सेवेकडून मिळणाऱ्या नेहमीच्या मोफत प्रमाणपत्राची (ब्राउझरला संकेतस्थळाची ओळख पटवून जोडणी सुरक्षित करणाऱ्या फाइलची) मुदत ९० दिवसांची आहे. समजा, १५ मार्चला प्रमाणपत्र हाताने घेतले. ते १३ जूनला संपेल. त्या दिवशी पुन्हा हाताने घेतले, तर पुढचे ११ सप्टेंबरला आणि त्यापुढचे १० डिसेंबरला संपेल. आपल्या संकेतस्थळाच्या तक्रारींच्या तारखा कागदावर लिहून त्यांच्यातील अंतर मोजावे. आमच्याकडे दोन्ही अंतरे ९१ दिवसांची निघाली, आणि तो जादा दिवस तक्रार आमच्यापर्यंत पोहोचून इलाज होईपर्यंत गेलेला होता.

याचा अर्थ असा, की प्रमाणपत्राचे स्वयंचलित नूतनीकरण आमच्याकडे एकदाही झालेले नव्हते. प्रमाणपत्रे मिळवणारा आणि त्यांचे नूतनीकरण करणारा सर्टबॉट हा प्रोग्राम दिवसातून दोन वेळा तपासणी करतो आणि मुदत ३० दिवसांवर आली की नूतनीकरणाचा प्रयत्न सुरू करतो. म्हणजे इशारा दिसण्यापूर्वीच्या तीस दिवसांत त्याने सुमारे साठ वेळा प्रयत्न केलेले असतात आणि प्रत्येक अपयश लॉगमध्ये नोंदवलेले असते. ते वाचणारा कोणी नसतो. पूर्वी मुदत जवळ आल्यावर लेट्स एन्क्रिप्टकडून ईमेल येत असे, परंतु ४ जून २०२५ पासून ती सेवा त्यांनी बंद केली. त्या ईमेलच्या भरवशावर असलेल्यांची शेवटची सूचनाघंटाही त्यामुळे गेली आहे.

लॉग वाचण्यापूर्वी एक तुलना करावी. ब्राउझरच्या पत्तापट्टीतील चिन्हावर दाबून, समोर येणारे प्रमाणपत्र कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे आणि कोणत्या नावांसाठी आहे ते पाहावे. मग सर्व्हरवर सर्टबॉटला प्रमाणपत्रांची यादी विचारावी. त्याच्या ‘सर्टिफिकेट्स’ या उपआज्ञेने प्रत्येक प्रमाणपत्राची नावे आणि मुदत समोर येते. डिस्कवरचे आणि ब्राउझरमधले अशी दोन्ही प्रमाणपत्रे जुनी असतील, तर नूतनीकरणच होत नाही. डिस्कवरचे नवे आणि ब्राउझरमधले जुने असेल, तर नूतनीकरण झाले आहे, मात्र वेबसर्व्हरने (पाने पुरवणाऱ्या प्रोग्रामने) नवी फाइल वाचलेली नाही. तारीख ठीक असून नाव भलतेच असेल, तर वेबसर्व्हर त्या पत्त्यासाठी आपल्या मांडणीतल्या दुसऱ्याच पत्त्याच्या विभागातील प्रमाणपत्र पुढे करत आहे. एनजिनएक्स या वेबसर्व्हरला विचारलेल्या नावाशी जुळणारा विभाग सापडला नाही, की तो त्या पोर्टवरचा (सर्व्हरच्या त्या दारावरचा) पहिला किंवा मुद्दाम नेमलेला मूळ विभाग वापरतो, आणि म्हणून हलक्या संकेतस्थळाच्या पत्त्यावर मंचाचे प्रमाणपत्र दिसू शकते. ही तीन दुखणी वेगळी आहेत आणि त्यांचे इलाजही वेगळे आहेत. इशारा मात्र तिन्ही वेळा जवळपास सारखाच दिसतो आणि बहुतेक वेळ त्यामुळेच वाया जातो.

आमच्याकडे पहिले दुखणे होते, आणि ते बरे केल्यावर त्याच्यामागे लपलेले दुसरेही सापडले.

दाराशी दोघे

वेबसाठी सर्व्हरची दोन दारे ठरलेली आहेत : साध्या जोडणीसाठी पोर्ट ८० आणि सुरक्षित जोडणीसाठी पोर्ट ४४३. एका आयपी पत्त्यावरच्या एका दाराशी सामान्यतः एकच प्रोग्राम बसू शकतो. डिस्कोर्स त्याच्या अधिकृत पद्धतीने बसवला, की तो डॉकरच्या कंटेनरमध्ये (सर्व्हरवरच्या एका स्वतंत्र, बंदिस्त पेटीत) चालतो, दोन्ही दारे स्वतःकडे घेतो आणि प्रमाणपत्रही आतल्या आतच मिळवतो. सर्व्हरवर एकटा मंचच असेल, तर ही व्यवस्था निर्दोष आहे आणि तिला हात लावू नये. त्याच सर्व्हरवर हलके संकेतस्थळ आणायचे ठरले, की दारावर एकच द्वारपाल नेमावा लागतो. तो आलेल्याचे नाव विचारून त्याला मंचाकडे किंवा हलक्या पानांकडे पाठवतो. हे काम आम्ही कंटेनरच्या बाहेर, सर्व्हरवर थेट बसवलेल्या एनजिनएक्सला दिले.

त्यासाठी डिस्कोर्सच्या ‘ॲप’ नावाच्या मांडणी-फाइलमध्ये तीन बदल करावे लागतात : एसएसएल (सुरक्षित जोडणी) आणि लेट्स एन्क्रिप्ट यांचे दोन्ही साचे (मांडणीचे तयार तुकडे) काढून टाकायचे, ८० आणि ४४३ ही पोर्टे उघडणाऱ्या दोन्ही ओळी निष्क्रिय करायच्या, आणि ‘सॉकेटेड’ हा साचा जोडायचा. त्यानंतर डिस्कोर्सच्या ‘लाँचर’ या आज्ञेने कंटेनर नव्याने बांधला, की मंच दारावर न बसता सर्व्हरमधल्या एका सॉकेट फाइलवर ऐकू लागतो आणि बाहेरचा एनजिनएक्स त्या फाइलमार्फत त्याच्याशी बोलतो. हे बदल त्या मांडणी-फाइलमध्येच करावेत. कंटेनरच्या आत शिरून केलेली डागडुजी पुढच्या बांधणीत पुसली जाते. मंचाची नवी आवृत्ती दर काही आठवड्यांनी बांधावी लागत असल्याने तो बिघाडही ‘पुन्हा पुन्हा येणारा’ भासतो. फरक एवढाच, की त्याचे अंतर ९० दिवसांचे नसते, ते आपल्या बांधणीच्या तारखांशी जुळते.

आमची चूक या बदलाच्या दिवशीच झाली. मंच थांबवला होता, एनजिनएक्सची मांडणी अजून लिहायची होती, दोन्ही दारे रिकामी होती. प्रमाणपत्र हवे होते म्हणून मी सर्टबॉट ‘स्टँडअलोन’ पद्धतीने चालवला. या पद्धतीत सर्टबॉट काही क्षण स्वतःच पोर्ट ८० वर बसतो, लेट्स एन्क्रिप्टच्या प्रश्नाला उत्तर देतो आणि निघून जातो. दार रिकामे असल्याने प्रमाणपत्र झटकन मिळाले. मात्र सर्टबॉट प्रत्येक प्रमाणपत्रासोबत ते कोणत्या पद्धतीने मिळाले याची नोंद करून ठेवतो आणि नूतनीकरणाच्या वेळी तीच पद्धत वापरतो. साठ दिवसांनी तो पुन्हा त्या दाराशी गेला, तेव्हा तेथे एनजिनएक्स बसलेला होता. पोर्ट ८० दुसऱ्या प्रोग्रामकडे असल्याने ते मिळाले नाही, एवढीच ओळ त्याने लॉगमध्ये लिहिली. मी ती ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा तिच्या आधी तशाच अनेक ओळी होत्या, एका दिवसाला दोन याप्रमाणे. आणि दर वेळी माझा ‘इलाज’ काय होता? एनजिनएक्स थांबवायचा, सर्टबॉट चालवायचा, एनजिनएक्स सुरू करायचा. म्हणजे मी स्वतःच्या हाताने दार रिकामे करून देत होतो, आणि तीच पद्धत आणखी ९० दिवसांसाठी पक्की होत होती.

आपली पद्धत कोणती आहे हे पाहणे सोपे आहे. सर्टबॉटच्या मुख्य फोल्डरात ‘रिन्यूअल’ हा उपफोल्डर असतो आणि त्यात प्रत्येक प्रमाणपत्राच्या नावाची एक छोटी फाइल असते. तिच्यातील ‘ऑथेंटिकेटर’ या ओळीत ‘स्टँडअलोन’ लिहिलेले असेल आणि दारावर कायम एनजिनएक्स बसत असेल, तर आपला बिघाड सापडला. तेथे ‘मॅन्युअल’ लिहिलेले असेल, तर प्रमाणपत्र बहुधा कोणीतरी डीएनएसमध्ये (नावांना सर्व्हरचे पत्ते जोडणाऱ्या नोंदवहीत) हाताने नोंद घालून मिळवलेले आहे, आणि ते काम करणारी स्क्रिप्ट जोडलेली नसेल, तर त्याचे नूतनीकरण आपोआप होत नाही. सर्व सबडोमेनना एकच प्रमाणपत्र चालावे म्हणून तारांकित प्रमाणपत्र घेणाऱ्यांच्या बाबतीत हे वारंवार दिसते. तारांकित प्रमाणपत्राला डीएनएसची पडताळणी अनिवार्य असते, आणि डीएनएस पुरवणाऱ्याकडे प्रोग्रामने नोंद बदलण्याची सोय नसेल, तर दर वेळी माणूस लागतो. मुख्य पत्ता, त्याचे ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ रूप आणि मंचाचे सबडोमेन एवढी तीनच नावे असतील, तर तारांकित प्रमाणपत्राची गरज नाही. एका साध्या प्रमाणपत्रात तिन्ही नावे बसतात.

पद्धत बदलताना

आम्ही ‘वेबरूट’ पद्धत निवडली. तिच्यात सर्टबॉट दाराला हात लावत नाही. ठरलेल्या फोल्डरात एक छोटी फाइल ठेवतो, आणि दारावर आधीच बसलेला एनजिनएक्स ती लेट्स एन्क्रिप्टला दाखवतो. सर्टबॉटच्या २.३ आणि पुढच्या आवृत्त्यांत ‘रीकॉन्फिगर’ ही उपआज्ञा आहे. ती नवे प्रमाणपत्र न घेता केवळ नूतनीकरणाची पद्धत बदलते आणि बदल जतन करण्यापूर्वी चाचणीही घेते. रिन्यूअलची फाइल हाताने बदलण्यापेक्षा ही वाट निश्चितच सुरक्षित आहे.

पहिली चाचणी मुख्य पत्त्यासाठी यशस्वी झाली आणि मंचाच्या सबडोमेनसाठी फसली. कारण समजायला मला अर्धी रात्र लागली, म्हणून ते नीट सांगतो. लेट्स एन्क्रिप्ट ज्या पत्त्यावर फाइल मागते, तो ‘वेल-नोन’ नावाच्या, टिंबाने सुरू होणाऱ्या फोल्डरातील ‘ॲक्मे-चॅलेंज’ हा विभाग असतो, आणि ती मागणी नेहमी पोर्ट ८० वरच येते. मुख्य पत्त्याची सारी मागणी एनजिनएक्स स्वतःच्या फोल्डरातून भागवत असल्याने फाइल तेथे सापडली. मंचाच्या सबडोमेनची सारी मागणी मात्र तो डोळे झाकून डिस्कोर्सकडे पाठवत होता. डिस्कोर्सला त्या फाइलची काहीच माहिती नव्हती. त्याने ‘सापडले नाही’ असे उत्तर दिले आणि पडताळणी फसली. त्यावर उपाय असा, की मंचाच्या विभागात, सारे काही पुढे पाठवण्याच्या नियमासोबत, केवळ या एका मार्गासाठी स्वतंत्र नियम लिहावा आणि तो मार्ग सर्टबॉटच्या फोल्डराकडे वळवावा. अनेकांच्या मांडणीत टिंबाने सुरू होणाऱ्या सर्व फोल्डरांना मज्जाव करणारा सुरक्षेचा नियम असतो. तो नियम नमुना-जुळणीचा असतो आणि साध्या मार्गाच्या नियमावर मात करतो, म्हणून चॅलेंजच्या नियमाला ‘याच्यापुढे नमुने तपासू नयेत’ असे सांगणारे चिन्ह जोडावे लागते.

हे बरोबर झाले की नाही, याची खात्री सर्टबॉटशिवायही करता येते आणि ती आधी करावी. त्या चॅलेंज फोल्डरात ‘नमस्कार’ एवढाच मजकूर असलेली एक फाइल ठेवावी आणि तिचा पत्ता तिन्ही नावांनी, साध्या जोडणीने, घरच्या वायफायवरून नव्हे तर मोबाइल डेटावरून उघडून पाहावा. तिन्ही ठिकाणी ‘नमस्कार’ दिसला, तर दार आणि वाट दोन्ही ठीक आहेत. साध्या जोडणीवरून सुरक्षित जोडणीकडे वळवणारा नियम असला तरी हरकत नाही. लेट्स एन्क्रिप्टची पडताळणी ते वळण घेते आणि वळणानंतर दिसणारे जुने प्रमाणपत्र संपलेले असले, तरी त्याकडे दुर्लक्ष करते. ‘प्रमाणपत्र संपले म्हणून आता नवे मिळणारच नाही’ ही भीती त्यामुळे अनाठायी आहे.

मोबाइल डेटावरून पाहण्याचा आग्रह मी एका विशिष्ट कारणासाठी धरतो. डीएनएसमध्ये पत्त्याच्या दोन प्रकारच्या नोंदी असू शकतात, जुन्या आयपीव्ही४ पद्धतीची आणि नव्या आयपीव्ही६ पद्धतीची. सर्व्हर बदलताना बहुतेक जण पहिली नोंद बदलतात आणि दुसरी जुन्या सर्व्हरकडे तशीच राहून जाते. घरची जोडणी आयपीव्ही४ वर चालत असेल, तर आपल्याला सारे नीट दिसते. लेट्स एन्क्रिप्ट मात्र दोन्ही नोंदी असल्यास आधी आयपीव्ही६ वापरते. जिओच्या जाळ्यावर आयपीव्ही६ चा वापर मोठ्या प्रमाणावर होतो, त्यामुळे ‘मला दिसते, तुम्हाला का दिसत नाही’ असा सभासदांमधला वाद पुष्कळदा या विसरलेल्या नोंदीपाशी येऊन थांबतो. सर्व्हरला आयपीव्ही६ नसेल, तर ती नोंद काढून टाकावी.

लॉगमध्ये ‘सापडले नाही’ किंवा ‘अधिकार नाही’ असे असेल, तर मागणी दारापर्यंत पोहोचली पण चुकीच्या खोलीत गेली असे समजावे. ‘वेळ संपली’ असे असेल, तर ती दारापर्यंत आलीच नाही. तेव्हा सर्व्हरवरील फायरवॉल आणि भाड्याने सर्व्हर देणाऱ्याच्या नियंत्रण-पानावरील फायरवॉल या दोन्ही तपासाव्यात. ‘आता सगळेच सुरक्षित जोडणीने येतात’ या समजुतीने पोर्ट ८० बंद केलेले अनेकदा आढळते.

येथे एक कळकळीची विनंती आहे. चाचण्या करताना ‘ड्राय-रन’ हा पर्याय वापरावा, कारण त्या चाचण्या लेट्स एन्क्रिप्टच्या वेगळ्या, सरावासाठीच्या सर्व्हरवर होतात आणि खऱ्या मर्यादांमध्ये मोजल्या जात नाहीत. खऱ्या सर्व्हरवर एका नावासाठी एका तासात पाच पडताळण्या फसल्या की थांबावे लागते, आणि त्याच नावांच्या संचासाठी सात दिवसांत पाचच प्रमाणपत्रे मिळतात. घाबरून सहा वेळा ‘नवे प्रमाणपत्र द्या’ म्हणणाऱ्याला मर्यादा सैल होण्याची वाट पाहत बसावे लागते आणि तोवर संकेतस्थळ लाल इशाऱ्यासह उभे राहते.

नवे प्रमाणपत्र, जुनाच इशारा

पद्धत बदलल्यानंतरच्या पहिल्या खऱ्या नूतनीकरणाच्या दिवशी डिस्कवर नवी तारीख आली आणि ब्राउझरमध्ये जुनीच राहिली. एनजिनएक्स प्रमाणपत्राची फाइल सुरू होताना वाचतो आणि स्मृतीत ठेवतो. फाइल बदलली म्हणून तो ती आपणहून पुन्हा वाचत नाही. त्याला ‘रीलोड’ सांगावे लागते. रीलोडमध्ये कोणाचीही चालू जोडणी तुटत नाही, त्यामुळे तो दिवसाढवळ्या करता येतो. सर्टबॉटच्या ‘रिन्यूअल-हुक्स’ फोल्डरात ‘डिप्लॉय’ हा विभाग असतो. तेथे एनजिनएक्सची मांडणी तपासून मग रीलोड करणारी दोन ओळींची स्क्रिप्ट ठेवली आणि तिला चालवण्याची परवानगी दिली, की प्रत्येक यशस्वी नूतनीकरणानंतर ती आपोआप चालते. ड्राय-रनमध्ये ही स्क्रिप्ट सहसा चालवली जात नाही, म्हणून ती एकदा हाताने चालवून पाहावी. परवानगी द्यायची राहून गेल्याने स्क्रिप्ट असूनही न चालणे, ही अगदी साधी पण नजरेतून सुटणारी चूक आहे.

एनजिनएक्सला मध्ये आणल्यामुळे मंचावर येणाऱ्या दोन नव्या तक्रारींचा उल्लेख करतो. एनजिनएक्स मुळात एक मेगाबाइटपेक्षा मोठी फाइल स्वीकारत नाही, त्यामुळे काल चढणारी कोकणकड्याची छायाचित्रे आज ‘फाइल फार मोठी’ म्हणून परत येतात. मंचाच्या विभागात ही मर्यादा डिस्कोर्सच्या स्वतःच्या मर्यादेएवढी वाढवावी. दुसरे म्हणजे, येणाऱ्याचा खरा आयपी पत्ता आणि त्याची जोडणी सुरक्षित होती की नाही, हे सांगणारे शीर्षलेख (मागणीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळी) पुढे पाठवावे लागतात. ते पाठवले नाहीत, तर मंचाला सारे सभासद एकाच ठिकाणाहून आल्यासारखे दिसतात आणि पत्त्यावर आधारित त्याच्या मर्यादा साऱ्यांनाच एकदम लागू होऊ शकतात.

मंच नव्याने बांधला जात असताना काही मिनिटे ‘५०२’ हा दोष दिसतो. त्यात बिघाड काही नाही. एनजिनएक्समध्ये त्या दोषासाठी एक साधे पान नेमून द्यावे. आमच्या त्या पानावर ‘मंचाचे काम सुरू आहे, गडांची माहिती मुख्य पत्त्यावर नेहमीप्रमाणे आहे’ एवढेच लिहिलेले आहे.

हलक्या पानांनी मंचावर अवलंबून राहू नये, हा आमच्या मांडणीतला सर्वांत महत्त्वाचा बदल आहे असे मला वाटते. पूर्वी मुख्य पानावर ‘मंचावरील ताज्या नोंदी’ ही चौकट होती आणि ती वाचकाच्या ब्राउझरमधून थेट मंचाला विचारणा करत असे. मंच बांधणीत असला किंवा त्याचे प्रमाणपत्र संपले, की चौकट रिकामी राही आणि कमजोर सिग्नलवर सारे पानच रखडे. आता ही विचारणा रात्री सर्व्हरच करतो. डिस्कोर्समधील सार्वजनिक विषयाच्या पत्त्याला ‘जेसन’ हा प्रत्यय जोडला, की त्याचा मजकूर प्रोग्रामला वाचता येईल अशा रूपात मिळतो. तो घेऊन ह्यूगो पाने नव्याने तयार करतो, आणि विचारणा फसली तर कालचीच पाने राहतात. पाण्याची एक दिवस जुनी नोंद, खाली तारीख लिहिलेली असेल तर, उपयोगाची असते. रिकाम्या चौकटीचा गडाखाली उभ्या असलेल्या माणसाला काहीच उपयोग नसतो.

एचएसटीएस या शीर्षलेखाबाबतही सावध असावे. ‘या पत्त्यावर सुरक्षित जोडणीनेच यायचे’ असे तो ब्राउझरला ठरावीक काळासाठी बजावून ठेवतो. तो लागू असताना प्रमाणपत्र संपले, तर वाचकाला इशारा ओलांडून पुढे जाण्याचा पर्यायही ब्राउझर देत नाही, आणि मुख्य पत्त्यावरून ‘सबडोमेनसह’ असे सांगितले असेल, तर मंचही त्याच नियमात अडकतो. हा शीर्षलेख चांगला आहे, आम्हीही तो वापरतो. मात्र नूतनीकरण दोन वेळा कोणाचाही हात न लागता झाल्यानंतरच तो दीर्घ मुदतीसाठी लावावा.

तात्पुरता इलाज आता यापुढे परवडणारही नाही. प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर बनवणारे यांच्या संयुक्त मंचाने एप्रिल २०२५ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार प्रमाणपत्रांची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने कमी होत असून, १५ मार्च २०२९ पासून ती ४७ दिवसांवर येणार आहे. लेट्स एन्क्रिप्टने तर त्याआधीच, २०२८ मध्ये, ४५ दिवसांवर जाण्याचे जाहीर केले आहे. आज वर्षातून चार वेळा हाताने होणारे काम तेव्हा किमान आठ वेळा करावे लागेल.

म्हणून बाहेरून लक्ष ठेवणारा एक पहारेकरी नेमावा. आमच्याकडे एका सभासदाच्या घरातील जुन्या संगणकावर रोज सकाळी चालणारी छोटी स्क्रिप्ट आहे. ती तिन्ही पत्त्यांवर ब्राउझरप्रमाणे जोडणी करते, दिसणाऱ्या प्रमाणपत्राचे उरलेले दिवस मोजते, आणि ते वीसपेक्षा कमी असतील तर तिघांना संदेश पाठवते. नूतनीकरण तिसाव्या दिवशी सुरू होत असल्याने वीस हा आकडा दिसणे म्हणजेच दहा दिवस प्रयत्न फसत आहेत. प्रमाणपत्रांची मुदत घटेल तसा हा आकडाही कमी करावा लागेल. तपासणी डिस्कवरच्या फाइलची करू नये, कारण रीलोड राहून गेल्याचे तिला कळणार नाही. ती त्याच सर्व्हरवरूनही करू नये, कारण सर्व्हरच बंद पडला तर तक्रार करायला कोणी उरणार नाही. संदेश एकाच माणसाला जाऊ नये, कारण तो माणूस नेमका त्या आठवड्यात हरिश्चंद्रगडावर असू शकतो.

सारे बदल झाल्यावर प्रमाणपत्र मिळाल्याची तारीख वहीत लिहावी आणि तिच्यात एकसष्ट दिवस मिळवून कॅलेंडरवर खूण करावी. त्या दिवशी सर्व्हरवर लॉगइन करू नये, काहीही सुरू किंवा बंद करू नये. फोनवरून तिन्ही पत्ते उघडावेत आणि प्रमाणपत्राची तारीख पाहावी. तिन्ही ठिकाणी मुदत त्या दिवसापासून जवळपास तीन महिन्यांनंतरची दिसली, तर पद्धत, वाट आणि रीलोड ही तिन्ही कामे जुळून आली आहेत. एखाद्याच पत्त्यावर जुनी तारीख दिसली, तर अजून एकोणतीस दिवस हातात आहेत, आणि शोध त्या एका पत्त्याच्या एनजिनएक्स विभागातील चॅलेंजच्या नियमापासून सुरू करावा.